स्टोव्ह उत्तम, दाराची दोरी भिकार

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये नोव्हेंबर ते मार्च रोज पेटवलेल्या लाकडाच्या स्टोव्हबद्दल. बीडाचा, कॅटॅलिस्ट (धूर जाळायला मदत करणारी जाळी) नसलेला. मापं-बिपं सगळीकडे सापडतात. सगळे आकडे फॅरनहाइटचे.

चुंबकाचा थर्मामीटर धुराच्या एकपदरी पाइपवर, स्टोव्हच्या दीड फूट वर लावावा. २५०च्या खाली धुराड्यात क्रिओसोट (धुराचा डांबरासारखा, पेट घेणारा थर) धरतं, ४७५च्या वर धोका. हे नुसत्या पत्र्याचं तापमान; आतला धूर बराच जास्त तापलेला असतो. पाइप दुपदरी असेल तर हा थर्मामीटर निव्वळ शोभेचा. तिथे भोक पाडून आत सळई जाणाराच हवा.

डिसेंबरपर्यंत एकच तारा द्यायचा विचार होता. काच रोज काळी, काटा २००वर अडकलेला. पण दोष लाकडाचा निघाला. ‘वाळलेला’ म्हणून विकलेला ओक फोडून ताज्या बाजूवर ओल मोजायचा मीटर टोचला तर ओल २८ टक्के. २०च्या आत हवी, आणि ओकला त्यासाठी दोन उन्हाळे लागतात. (ओंडक्याच्या टोकाला मीटर टोचू नका, तिथे तो नेहमीच कोरडं दाखवतो.) ॲश नावाच्या झाडाचं लाकूड आणलं आणि काच निवळली.

पेटवताना जाड लाकडं खाली, चिरफळ्या वर, काडी वरून. हवेची झडप पूर्ण उघडी. काटा ४००ला आला की हवा एक तृतीयांश कमी, दहा मिनिटांनी आणखी कमी. आत वरच्या बाजूला हवा सोडणाऱ्या नळ्यांच्या भोकांशी ज्योती लोंबू लागल्या की धूर जळतोय. त्याला आत ११००च्या आसपास लागतात. चुलीसारखं एकेक लाकूड सारत बसू नये, दर वेळी दार उघडलं की ही धग मोडते.

जानेवारीत उलटाच ताप. हवा पूर्ण बंद, तरी काटा ५२०! थंड स्टोव्हच्या दारात डॉलरची नोट धरून दार लावलं आणि ओढली: बिजागरीकडे घट्ट, कडीकडे सरकन बाहेर. दाराच्या कडेच्या खाचेत हवा अडवणारी दोरी असते, ती अडीच महिन्यांत चपटी. विक्रेत्याचं म्हणणं, दोरी वॉरंटीत नाही, माणूस पाठवायचे १८० डॉलर. सात फूट दोरी आणि ती चिकटवायचं स्टोव्हचं सिमेंट मिळून आले २२ डॉलर.

जुनी दोरी उपटा, खाच तारेच्या ब्रशने लख्ख करा, आणि नवी त्याच जाडीची घ्या. बसवताना ताणू मात्र अजिबात नका. ताणली की बारीक होते आणि हवा पुन्हा आत. सिमेंट वाळेपर्यंत मध्ये कागद घालून दार लावून ठेवा. आता हवा कमी केली की काटा पाच मिनिटांत उतरतो.

चार तारे. पाचवा २२ डॉलर परत मिळाले की.