कोलमन्सकोप: वाळूने व्यापलेले हिऱ्यांचे गाव

नामिबियातील कीटमन्सहूप ते ल्युडेरिट्झ हा 300 किलोमीटरहून लांब डांबरी रस्ता आम्ही भाड्याच्या गाडीने पार केला. गाडी देणाऱ्या कंपनीने स्टेपनीत पुरेशी हवा भरलेली नव्हती. वाळवंटात हे अक्षम्य आहे, त्यामुळे गाडी ताब्यात घेतानाच ती तपासावी. वाटेतले ऑस हे गाव ओलांडल्यावर गारुबच्या पाणवठ्याशी रानटी घोड्यांसाठी जरूर थांबावे.

1908 साली रेल्वेमार्गावरील वाळू उपसताना झाकारियास लेवाला या कामगाराला हिरा सापडला आणि त्यातून ल्युडेरिट्झजवळ वसलेले कोलमन्सकोप 1956 मध्ये पूर्ण ओस पडले. मार्गदर्शकासह होणारी सकाळची फेरी मला मनापासून आवडली, कारण बर्फाचा कारखाना कसा चालत असे हे समजावतानाच, लेवालाला त्या शोधाचा काहीही मोबदला मिळाला नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. ते सांगायलाच हवे.

फेरी संपल्यावर स्वतंत्रपणे हिंडावे. एका घरात वाळू खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली होती, दार अर्धे गाडले गेले होते आणि भिंतीवरच्या निळ्या रंगाचे पोपडे बोट लागताच गळत होते. दुपारी वारा सुटतो, तेव्हा कॅमेरा झाकूनच ठेवावा.