आयपीएस, व्हीए की ओएलईडी? काही महिने तिन्ही वापरल्यावर

मॉनिटरच्या पॅनेलच्या तुलना वाचताना एक गोष्ट लक्षात येते. लिहिणारा बहुधा अंधाऱ्या खोलीत बसून सिनेमा बघत असतो. माझा दिवस वेगळा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत देवनागरी मजकूर तपासायचा, अधूनमधून एक्सेल, समोर पांढरं पान आणि शेजारी उघडी खिडकी. सिनेमा आणि गेम रात्री. गेले काही महिने या एकाच दिनक्रमात २७ इंची आयपीएस, ३२ इंची वक्र व्हीए आणि २७ इंची क्यूडी-ओएलईडी असे तिन्ही आलटून पालटून वापरले. पहिले दोन एलसीडीचे प्रकार, म्हणजे मागे दिवा (बॅकलाइट) असलेले; क्यूडी-ओएलईडी हा ओएलईडीचा एक प्रकार. माझं मत आधीच सांगतो: दिवसा वाचायचं असेल तर आयपीएस. ओएलईडी कितीही देखणा असला तरी.

आयपीएसबद्दल सांगण्यासारखं फार नाही आणि तेच त्याचं बळ. कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांतला फरक) साधारण १०००:१, म्हणजे दिवे मालवले की काळा रंग राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट चमक येते. मात्र उजेड असलेल्या खोलीत प्रकाश स्क्रीनवरून परावर्तित होऊन काळ्यावर येतोच, त्यामुळे कागदावरचा मोठा कॉन्ट्रास्ट दिवसा फारसा हाती लागत नाही. मान इकडेतिकडे केली तरी रंग बदलत नाहीत. शेजारी बसून कुणी स्क्रीन बघत असेल तर याची किंमत कळते.

व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ किंवा त्याहून वर. रात्रीच्या सिनेमाला तो आयपीएसपेक्षा निश्चित उजवा. अडचण येते हालचालीत. गडद काळ्यातून करड्यात जाताना यातले लिक्विड क्रिस्टल रेंगाळतात. डार्क मोडमध्ये मोठी फाइल भरभर स्क्रोल केली की अक्षरांमागे ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा फराटा उमटतो. मेनूमधला ओव्हरड्राइव्ह (क्रिस्टल भरभर हलवण्याची सोय) वाढवला तर फराटा कमी होतो, पण त्याच्या जागी अक्षरांना उलटी, उजळ सावली येते. मधली पायरीच बरी. खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’वर जाऊ नका, तो आकडा बऱ्याचदा बॅकलाइटची उघडझाप चालू करून मोजलेला असतो, आणि ती चालू केली की स्क्रीन मंद होते. नव्या, महागड्या व्हीएमध्ये हा फराटा बराच कमी झालाय, पण माझ्यासारखं दिवसभर स्क्रोल करणाऱ्याला तो जाणवतोच.

आता ओएलईडी. इथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो; काळा म्हणजे तो पिक्सेल बंद. रात्रीच्या आकाशाचा एखादा प्रसंग यावर एकदा पाहिला की आयपीएसवर पुन्हा बघवत नाही. पिक्सेल इतक्या झटकन बदलतात की पळती वस्तूही रेखीव राहते. मात्र ग्राफिक्स कार्डाप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं तो वेग) चालू असेल आणि गेम अडखळत असेल, तर गडद दृश्यांत किंचित लुकलुक दिसते.

पण सकाळी तोच मजकूर उघडला आणि शिरोरेखा खटकली. साध्या एलसीडीत लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल उभ्या पट्ट्यांसारखे शेजारी-शेजारी असतात. माझ्या क्यूडी-ओएलईडीत ते त्रिकोणात असतात: हिरवा वर, लाल आणि निळा खाली. त्यामुळे आडव्या रेषांना रंगीत कड येते. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर रेषेच्या वर गुलाबीसर, खाली हिरवट. रोमन लिपीत आडव्या रेषा सुट्या सुट्या असतात. देवनागरीत प्रत्येक शब्दावर एक, आणि पानभर ओळीच ओळी. इंग्रजी परीक्षणांत ‘थोडंसं जाणवतं’ असं लिहिलेलं असतं, ते आपल्या लिपीसाठी पुरेसं नाही. विंडोजचं क्लिअरटाइप उभ्या पट्ट्या गृहीत धरून अक्षरं गुळगुळीत करतं, त्यामुळे तेही इथे उपयोगी पडत नाही. फॉन्ट मोठा केला आणि पान पांढऱ्याऐवजी फिकट करडं ठेवलं तेव्हा बरंच सुसह्य झालं. माझं रिझोल्यूशन १४४०पी, म्हणजे इंचाला सुमारे १०९ पिक्सेल. त्याच आकारात ४के घेतलं तर ते १६३ होतात आणि कड तेवढी बारीक होते. ओएलईडीवर मजकूरच वाचायचा असेल तर ४केच्या खाली जाऊ नये.

दुसरी गोष्ट खिडकीची. क्यूडी-ओएलईडीत पोलरायझर (परावर्तित उजेड अडवायला मदत करणारा थर) नसतो, म्हणून खोलीतला उजेड पडला की काळा रंग जांभळट-करडा होतो. ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तो भर दुपारी गायब! शिवाय एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा मोड) चालू ठेवून पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर केलं की स्क्रीनचा उजेड उतरतो. छोट्याशा ठिपक्यापुरते १००० निट्स (उजेडाचं माप) आणि पूर्ण पांढऱ्या पडद्याला साधारण २५०, असा हा मामला आहे.

बर्न-इनबद्दल, म्हणजे एकच चित्र फार वेळ राहून ओएलईडीवर कायमचा उमटणाऱ्या डागाबद्दल: टास्कबार लपवलेला, वॉलपेपर काळा, काही मिनिटांत स्क्रीन बंद. करड्या पडद्यावर तपासलं तर अजून डाग नाही, पण काही महिने म्हणजे या बाबतीत काहीच नाही. रात्री मेन स्विच बंद करायची सवय असेल तर ती सोडावी लागते. डाग टाळण्यासाठीची पिक्सेलची साफसफाई मॉनिटर स्टँडबायवर असतानाच होते.

मिनी एलईडीचा, म्हणजे मागे बारीक दिव्यांचे अनेक गट असलेल्या आयपीएसचा, पर्याय काही दिवस पाहिला. उजेड दणदणीत, पण काळ्या पडद्यावर माउसच्या बाणाभोवती प्रभावळ दिसते. मजकुराचं काम करताना मी लोकल डिमिंग (हे गट वेगवेगळे मंद करणं) बंदच ठेवलं, मग तो साधा आयपीएसच उरतो.

सध्या आयपीएस समोर आहे, ओएलईडी बाजूला वळवून रात्रीसाठी. व्हीए घरातल्या दुसऱ्या खोलीत गेला आणि तिथे त्याच्याबद्दल तक्रार नाही. नवा मॉनिटर आला की परत करायची मुदत संपण्याआधी तुमच्या रोजच्या फॉन्टमध्ये, रोजच्या आकारात एक पूर्ण पान उघडा, तेही दिवसा, नेहमीच्या जागी बसून. बर्न-इन वॉरंटीत आहे का, हे मात्र पैसे देण्याआधीच वाचा.