वकील संघटनेच्या प्रकल्पाचं मूल्यमापन : बाहेरचा तज्ज्ञ की आपलेच सभासद?

इंदूरला रामबागेत राहणारी माझी भाची विकासक्षेत्रात काम करते. परदेशातल्या एका राष्ट्रीय वकील संघटनेला मिळालेल्या मदतीचं मूल्यमापन कुणी करावं, असं तिनं विचारलं.

खर्चात सभासदच परवडतात. बाहेरच्याला मानधन, प्रवास, कधी दुभाषाही लागतो.

विश्वासाचा मुद्दा मात्र खोल आहे. वकिलांच्या भूमिकेबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना परिषदेत ठरलेल्या तत्त्वांतलं २४वं तत्त्व सांगतं, की वकिलांच्या संघटनेची कार्यकारिणी सभासदांनी निवडावी आणि तिनं बाहेरच्या हस्तक्षेपाविना काम करावं. म्हणजे संघटना स्वतःच्या पायावर हवी. मग मदत थांबल्यावर ती सभासदांच्या वर्गणीवर उभी राहील का? ओईसीडी या देशोदेशींच्या आर्थिक सहकार्य संघटनेनं मूल्यमापनासाठी दिलेल्या सहा निकषांपैकी टिकाऊपणा मला इथे सर्वांत मोलाचा वाटतो. लहान गावातला तरुण वकील पदाधिकाऱ्यांपुढे याचं खरं उत्तर क्वचितच देईल. परक्यापुढे मन मोकळं करील.

मूल्यमापनातून शिकलेलं अमलात आणायला मात्र सभासदच बरे. बाहेरच्याचा अहवाल कपाटात जाऊ शकतो.

प्रकल्प चालू आहे, चुका वेळीच सुधारायच्या आहेत, तर सभासदांकडून करून घे. पुढचा निधी ठरायचा असेल किंवा कार्यकारिणीवरच शंका असेल, तर बाहेरचाच घे, बाळा.