२० एचपीची मोटर जळली: रिवाइंडिंग करायचं की नवी घ्यायची?

मोटर जळली की आपल्याकडे पहिला फोन वायंडरला, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणाऱ्या (रिवाइंडिंग करणाऱ्या) कारागिराला जातो. दोन-तीन दिवसांत मोटर चालू, खर्चही नवीपेक्षा बराच कमी. बिडाची बॉडी, शाफ्ट, स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या, तार गुंडाळलेल्या भागाच्या) पत्र्या तशाच राहतात. नवं लागतं ते तांबं, वार्निश आणि बेअरिंग. नवं लोखंड वाचतं, हे खरंच मोलाचं आहे. पण मोटर घडवताना होतं त्याच्या कितीतरी पट प्रदूषण ती वीज खाताना होतं. म्हणून मी आधी विचारतो, वर्षाला चालते किती तास?

२० एचपी म्हणजे १५ किलोवॅट. आयई हा मोटरच्या कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी. चार पोलची (मिनिटाला साधारण १,५०० फेऱ्यांची) जुनी आयई१ मोटर पूर्ण लोडवर ८८.७ टक्के कार्यक्षम, आयई३ ९२.१ टक्के. फौंड्रीच्या ब्लोअरवर वर्षाला ६,००० तास धरले तर सुमारे ३,७०० युनिट वाचतात. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला अडीच टन! नव्या मोटरच्या लोखंड-तांब्याचा हिशोब पहिल्याच वर्षात फिटतो. तीच मोटर ५०० तास चालणाऱ्या स्टँडबाय पंपावर असेल तर जेमतेम ३१० युनिट वाचतील. तिथे बिनधास्त रिवाइंड करा.

फक्त वायंडरच्या दुकानात स्वतः उभं राहून बघा. जुनी तार सुटत नाही म्हणून स्टेटरवर थेट गॅसची ज्योत मारत असतील तर मोटर उचलून घरी आणा. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि पुढे मोटर रिकामी फिरतानाही तापते. तापमान ताब्यात ठेवणारी भट्टी, मूळ गेजची (जाडीची) तार, तेवढेच टर्न (वेढे), एवढं सांभाळणारा कारागीर असेल तर कार्यक्षमता जवळपास टिकते.

नवी घेताना वेगाकडे लक्ष द्या. आयई३ मोटरचा स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मोटर जितकी मागे पडते तो फरक) कमी, त्यामुळे ती जरा जास्त फिरते. जुनी १,४४० आरपीएमची आणि नवी १,४६५ ची असेल तर ब्लोअरला पाच टक्के जास्त पॉवर लागते, कारण पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सगळी बचत तिथेच गेली! बेल्ट ड्राइव्ह असेल तर मोटरची पुली थोडी लहान बसवा.

आणि जुनी मोटर भंगारात देताना स्टेटर कापूनच द्या. अख्खी दिली तर ती रिवाइंड होऊन दुसऱ्याच्या शेडमध्ये तेवढीच वीज खात राहते.