फाइफच्या किनाऱ्यावर चौघांची गोल्फ सहल: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

स्कॉटलंडला गोल्फसाठी जायचं ठरलं की पुण्या-मुंबईतल्या चौकडीचं सगळं नियोजन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सभोवती फिरायला लागतं. तिथला टी टाइम (खेळ सुरू करायची नेमून दिलेली वेळ) मिळाला तर जाऊ, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आमचा सल्ला नेमका उलटा आहे. एडिनबराच्या उत्तरेला फोर्थची खाडी ओलांडली की फाइफ लागतं. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर लेव्हन, लंडिन, एली, अँस्ट्रदर आणि क्रेल हे गावांचे कोर्स गाडीने पाऊण तासाच्या पट्ट्यात एकापुढे एक आहेत. सहल यांच्यासाठी आखावी. ओल्ड कोर्सच्या वेळा सोडतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकूनही मिळतात; त्यात नंबर लागला तर घ्यावा, नाही लागला तरी सहल कुठेच कमी पडत नाही.

आधी जमिनीबद्दल, कारण आपल्याकडचे चांगले खेळाडू पहिल्या दिवशी तिथेच गडबडतात. आपले बहुतेक कोर्स पाणी मारून हिरवे ठेवलेले. बॉल उंच मारला की ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडतो आणि थांबतो. फाइफमध्ये खाली वाळू, वर फेस्क्यू जातीचं बारीक गवत, आणि उन्हाळ्यात फेअरवे (टीपासून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून, ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा) मळणीच्या खळ्यासारखा टणक. ग्रीनच्या मधोमध टाकलेला उंच वेज (जवळून बॉल वर उडवणाऱ्या क्लबचा फटका) उसळी घेऊन मागे निघून जातो. म्हणून बॉल ग्रीनच्या पंधरा-वीस यार्ड अलीकडे टाकायचा आणि घरंगळत जाऊ द्यायचा. ग्रीनच्या जवळ आल्यावर सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने, बॉल उजव्या पायाकडे ठेवून, पटिंगसारखाच छोटा स्ट्रोक घ्या. मध्ये खड्डा किंवा बंकर नसेल तर तीस यार्डांवरूनही पटर चालतो. तिथले सदस्य बिनदिक्कत तेच करतात.

वेज निवडतानाही विचार करावा लागतो. आपल्या मऊ, दाट गवतावर १२ ते १४ अंश बाउन्सचा (क्लबच्या तळाचा फुगवटा जितका जास्त, तितके अंश) सँड वेज छान चालतो. टणक जमिनीवर तोच वेज आपटून उसळतो आणि त्याची धार बॉलच्या मधोमध बसते. बॉल थेट ग्रीनपार. ६ ते ८ अंश बाउन्सचा एक वेज बॅगेत असू द्या. ग्रीनवर मात्र एक सवय सोडून द्यायची. बर्म्युडा गवताचा कल कुठे आहे ते पाहून आपण रेषा ठरवतो, फेस्क्यूच्या ग्रीनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. उतार आणि वारा एवढंच बघायचं.

सुरुवात लेव्हन आणि लंडिनपासून करावी. विमानाचा शीण असतो, आणि इथली सुरुवात सौम्य आहे. हे दोन्ही मिळून पूर्वी एकच अठरा होलांचा कोर्स होता. १९०९ मध्ये तो माइल डाइक नावाच्या दगडी बांधावर विभागला गेला आणि दोन्ही क्लबांनी आपापले उरलेले होल नव्याने बांधले. दोन्हीवर ओपन चॅम्पियनशिपच्या पात्रता फेऱ्या झालेल्या आहेत, त्यामुळे साधे दिसतात म्हणून हलके समजू नका. लंडिनमध्ये जुन्या रेल्वेमार्गाची पट्टी कोर्सच्या मधून जाते आणि ती आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेर) आहे. कोर्सच्या आतच पांढरे खुंट असण्याची आपल्याला सवय नसते. स्लाइस (बाजूला वळत जाणारा फटका) मारणाऱ्याचं कार्ड तिथे फाटतं. चौदावा होल, उंचावरच्या टीवरून खाली खाडीकडे तोंड करून मारायचा पार तीन (तीन फटक्यांत पुरा करणं अपेक्षित असलेला होल), दोन्ही कोर्सांतला सगळ्यात देखणा. लेव्हनचा अठरावा मात्र सगळ्यात कठीण. साडेचारशे यार्डांपेक्षा लांब पार चार, आणि ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्कूनी बर्न हा ओढा. ड्राइव्ह चांगला बसला नसेल तर दुसरा शॉट ओढ्याच्या अलीकडे ठेवा आणि पाच घेऊन निघा. एकच दिवस असेल तर आम्ही लंडिन निवडू.

एलीसाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. या किनाऱ्यावर एकच ग्रीन फी भरायची असेल तर ती इथे भरावी, इतकं आमचं मत पक्कं आहे. पार ७०, त्यात सोळा होल पार चारचे, दोन पार तीनचे आणि पार पाच एकही नाही. कागदावर हे एकसुरी वाटतं. प्रत्यक्षात तीनशे यार्डांच्या आतले आणि साडेचारशेच्या आसपासचे होल असे मिसळले आहेत की प्रत्येक टीवर क्लब बदलावा लागतो. पहिल्या टीसमोरच टेकाड आहे, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्याच्या) खोलीत एक्सकॅलिबर या ब्रिटिश पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे. पुढची चौकडी पुरेशी लांब गेली की नाही हे स्टार्टर त्यातून पाहतो आणि मग मारायला सांगतो. तुम्हालाही डोळा लावून बघू देतात, पण आधी विचारा. दहाव्याला टेकडीवर ड्राइव्ह, आणि माथ्यावर पोचल्यावर ग्रीन एकदम समुद्राकाठी दिसतो. बारावा खाडीच्या वळणाला धरून जातो. किनाऱ्याचा किती भाग कापायचा हे तुमचं तुम्ही ठरवायचं. तेराव्याचा ग्रीन उंच आणि आडवा आहे, तिथे क्लब कमी (बॉल कमी लांब नेणारा) घेतला तर बॉल परत पायाशी येतो. पाच वेळा ओपन जिंकलेला जेम्स ब्रेड इथलाच, शेजारच्या अर्ल्सफेरीचा.

एलीहून संध्याकाळी अँस्ट्रदरला जाऊन नऊ होल खेळता येतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा पाच-साडेपाचला टी ऑफ केलं तरी घाई होत नाही. छोटा, स्वस्त कोर्स. पण पाचव्या होलचं नाव ‘रॉकीज’: २३५ यार्डांच्या आसपासचा पार तीन, ग्रीन कड्याच्या कुशीत वळून दडलेला, उजवीकडे खडक आणि समुद्र. सरळ ग्रीनवर जायचा हट्ट करू नका. दीडशे-एकशे साठ यार्डांवर ठेवून पुढे छोटा पिच मारा, चारवर समाधान माना.

क्रेल गोल्फिंग सोसायटी १७८६ ची. तिचे दोन कोर्स आहेत. बॅल्कमी हा एकोणिसाव्या शतकातला खेळाडू आणि कोर्स आखणारा ओल्ड टॉम मॉरिस याच्या हातचा, आणि क्रेगहेड हा गिल हॅन्सने आखलेला, १९९८ चा. एकच दिवस असेल तर बॅल्कमी. लांबी सहा हजार यार्डांच्याही आत, पार ६९, आणि शेवटचा होल चक्क पार तीन. पाचव्या होलला ड्राइव्ह किनाऱ्यावरून तिरका मारायचा असतो. समोरचा वारा असेल तर जितकं कापावंसं वाटतं त्याच्या निम्मंच कापा. तेरावा चढावरचा लांब पार तीन, त्यावर अनेकदा ड्रायव्हर लागतो. लगेच चौदावा उतारावरचा, नऊ नंबर पुरतो. हे दोन होल लागोपाठ खेळताना अंतराचा अंदाज पार बिघडतो. एक सूचना सगळ्याच कोर्सांसाठी: टीवर जाण्याआधी स्कोअरकार्डाच्या मागचे लोकल रूल वाचा. किनारा कुठे खेळात आणि कुठे बाहेर, हे कोर्सागणिक बदलतं.

आता ओल्ड कोर्स. २०२४ च्या हंगामात त्याची ग्रीन फी ३२० पौंड होती. सोडतीसाठी खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, किमान दोघांची, जास्तीत जास्त चौघांची. निकाल त्याच संध्याकाळी लागतो. रविवारी कोर्स खेळासाठी बंद, म्हणून सोमवारची नावं शनिवारी जातात. हँडिकॅपचा (खेळाडूचं कौशल्य दाखवणाऱ्या आकड्याचा) अधिकृत दाखला जवळ लागतो. फाइफमध्ये पोचल्यापासून रोज नावं देत राहा. एखादाच उरला असेल तर त्याने आदल्या दिवशी तिथे स्वतः जाऊन एकट्यांच्या सोडतीत नाव द्यावं. नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवर चटईचा तुकडा ठेवून त्यावरून मारावं लागतं, हिवाळ्यातला दर पाहून भुलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सोडत लागलीच तर: जाताना झेंडे पांढरे, परतताना लाल, कारण सात ग्रीन दोन-दोन होलांचे सामाईक आहेत. शंका आली की डावीकडे मारा, उजवीकडे झुडपं आणि हद्द आहे. पहिल्या ग्रीनपुढेच स्विलकन बर्न, तिथे एक क्लब जास्त. सतराव्याच्या ग्रीनमागचा रस्ता खेळाचाच भाग आहे. त्यावरून फुकट उचलता येत नाही, डांबरावरूनच मारावं लागतं. रविवारी याच कोर्सवर गावकरी कुत्री घेऊन फिरतात, तुम्हीही फिरू शकता. ग्रीनचे उतार आणि बंकरांची खोली पायी चालूनच नीट कळते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. सोडत न लागल्यास शेजारचा न्यू कोर्स घ्या. तोही ओल्ड टॉम मॉरिसचा, १८९५ चा, आणि भाव बराच कमी. गोल्फ न खेळणारं कुणी सोबत असेल तर हिमालयाज हे उंचसखल पटिंगचं मैदान तिथेच आहे, बाहेरच्यांना ठरावीक वेळी खुलं असतं.

वाऱ्याचा हिशेब पाठ करून ठेवा. समोरून ताशी जितके मैल वारा, साधारण तितके टक्के अंतर वाढवायचं. पाठीमागून असेल तर त्याच्या निम्मे टक्के कमी करायचं. म्हणजे वीस मैलांच्या समोरच्या वाऱ्यात दीडशे यार्डांचा शॉट एकशे ऐंशीचा समजायचा, तीन क्लब जास्त. जोर लावून मारण्यात फायदा नाही. जोराबरोबर बॅकस्पिन वाढतो आणि बॉल आभाळात चढून जागेवर पडतो. मोठा क्लब, आखूड पकड, पाऊण स्विंग.

छत्री नेऊ नका, वाऱ्यात ती उलटी होते. वॉटरप्रूफ जाकीट आणि पॅंट, दोन्ही हातांसाठी पावसाळी ग्लोव्ह, लोकरीची टोपी आणि प्लास्टिकच्या पिशवीत सुका टॉवेल. जूनमध्येही हे सगळं लागतं.

सगळ्यात मोठा फरक माणसांचा आहे. आपल्याकडे बॅग उचलायला कॅडी, बॉल कुठे पडला ते बघायला आगेवाला. या गावांच्या कोर्सवर तुमची बॅग तुमच्याच खांद्यावर. बॅगेचं वजन निम्म्यावर आणा, नाहीतर ट्रॉली आधीच नोंदवून ठेवा. बग्गी मोजक्याच असतात, काही ठिकाणी डॉक्टरांच्या दाखल्यावरच देतात. चौघांनीही प्रत्येक बॉल पडेपर्यंत नजर ठेवायची. पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात गेलेला बॉल गेला समजा आणि लगेच प्रोव्हिजनल (पहिला न सापडल्यास धरायचा दुसरा बॉल) मारा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात आणि मागची चौकडी थांबलेली असते. चार तासांत राउंड संपणं तिथे गृहीत धरलेलं आहे. खोल, भिंतीच्या बंकरात झेंडा विसरून आडवं किंवा मागे मारा. तेही जमत नसेल तर दोन स्ट्रोकचा दंड घेऊन बंकराबाहेर ड्रॉप करता येतो, आणि बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं.

चौघांच्या खेळासाठी हँडिकॅप त्या कोर्सच्या स्लोपनुसार (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड, त्याच्या आकड्यानुसार) काढा. तुमचा हँडिकॅप इंडेक्स १८ आणि कोर्सचा स्लोप १२० असेल तर १८ × १२० ÷ ११३, म्हणजे १९. त्यात कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूच्या अपेक्षित स्कोअरमधून) पार वजा करून येईल ते मिळवा. फोरबॉल (दोघांच्या जोडीतला चांगला स्कोअर धरायचा खेळ) स्ट्रोक प्लेला, म्हणजे एकूण फटके मोजताना, त्याचे ८५ टक्के, मॅच प्लेला, म्हणजे होलवार जिंकताना, ९०. प्रत्येक कोर्सवर हा आकडा बदलतो. पहिल्याच दिवशीचा धरून बसलात तर पैजेवरून वाद होतात.

गाडी घेताना चार माणसं आणि चार बॅगा यांचा विचार आधी करा. प्रवासी कव्हरमधली बॅग सव्वा मीटर लांब असते, पाच सीटच्या गाडीत चार बसत नाहीत. नऊ सीटची व्हॅन घ्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधीच सांगा. भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, बाजूही आपलीच, डावी. मात्र दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. चालकाने क्लबहाउसमध्ये चहाच घ्यावा. मुक्काम सेंट अँड्र्यूजला न करता क्रेल किंवा अँस्ट्रदरला घर भाड्याने घेऊन करा. क्रेलहून सेंट अँड्र्यूज सोळा किलोमीटर. गाडीच नको असेल तर लेव्हनपर्यंत रेल्वे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे आणि पुढे किनाऱ्याने बस जाते, पण बॅगा घेऊन रोज बस पकडणं चौघांना परवडणारं नाही.

शाकाहारी मंडळींना क्लबहाउसमध्ये सूप, चीज टोस्टी आणि भाजलेला बटाटा मिळतो. फिश अँड चिप्सच्या दुकानात मात्र चिप्स कशात तळतात ते विचारा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी गाईच्या चरबीचा वापर होतो.

मे किंवा सप्टेंबर निवडा. एली आणि क्रेलच्या वेळा सहा-आठ महिने आधी क्लबला लिहून पक्क्या करा, शनिवार सोडून, कारण त्या दिवशी सदस्यांच्या स्पर्धा असतात. लंडिन किंवा लेव्हन पहिल्या दिवशी, ओल्ड कोर्सच्या सोडतीसाठी आठवड्यातले दोन दिवस सकाळपासून मोकळे. सोडत लागली नाही, तर त्याच दिवशी सकाळी फोन करून क्रेगहेड किंवा एली दुसऱ्यांदा विचारा.