दहा पट भिंग आणि हाताला लागणारी झाडं

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझं फिरणं दोनशे पावलांवर आलं. त्याआधी झाडं बघायची म्हणजे पहाटे उठून लांब चालत जायचं, एवढंच मला ठाऊक होतं. भेटायला आलेल्या भाचीनं एक छोटी डबी हातात ठेवली आणि म्हणाली, "मावशी, लांब जाता येत नाही ना, मग जवळ जा." डबीत घडीचं भिंग होतं. त्याला आता वर्ष उलटून गेलं. गुडघा बरा झाला, पण भिंग गळ्यातून उतरलेलं नाही.

आधी वस्तूबद्दल. हे १० पट मोठं दाखवणारं ट्रिप्लेट भिंग आहे. म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवून एक भिंग केलेलं. एकाच काचेच्या साध्या भिंगातून बघितलं की वस्तूच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसते आणि मधला भाग सोडला तर बाकी सगळं पुसट होतं. ट्रिप्लेटमध्ये पांढरी पाकळी काठापर्यंत पांढरीच राहते. धातूच्या कवचात फिरवून बंद होतं, त्यामुळे खिशातल्या किल्ल्यांचे ओरखडे लागत नाहीत.

मध्यंतरी हौसेनं मी स्वतः दुसरं भिंग मागवलं. त्यावर '३० पट' असं कोरलेलं होतं आणि काच चांगली २१ मिलीमीटर रुंद. बघते तर पहिल्यापेक्षाही कमी मोठं दिसत होतं! याचा पडताळा घरीच घेता येतो. भिंतीसमोर भिंग धरायचं आणि समोरच्या खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी, बारकी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पडेपर्यंत मागे-पुढे करायचं. भिंग आणि भिंत यांच्यातलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्या आकड्यानं भागायचं. भाचीच्या भिंगाचं अंतर २५ आलं, म्हणजे बरोबर १० पट. माझ्या '३० पट'चं ६० च्या पुढे गेलं, म्हणजे जेमतेम चार पट. खरं ३० पट असतं तर ते अंतर आठ मिलीमीटरच्या आसपास भरलं असतं आणि काच मसुराच्या दाण्याएवढी बारीक लागली असती. त्यामुळे कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. झाडांसाठी खरं १० पट पुरतं. त्यापुढे गेलं की हात जरा हलला तरी फूल नजरेतून निसटतं.

धरायची रीतही शिकावी लागते. पहिले आठ दिवस मी भिंग फुलाजवळ धरून लांबून बघत होते आणि वैतागत होते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, कोपर अंगाशी घट्ट धरायचं आणि फूल हळूहळू डोळ्याकडे आणायचं. अडीच सेंटीमीटरवर आलं की एकदम उघडतं. दुसरा डोळा मिटायचा नाही, नाहीतर पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. उजेड बाजूनं यायला हवा.

माझी सुरुवात पानगळीत झाली. बघायला काही नाही असं वाटणारे ते दिवस, पण पान गळून गेलेल्या जागी डहाळीवर जो वण राहतो तो भिंगाखाली धरा. त्यात बारीक ठिपके दिसतात. पानाकडे पाणी नेणाऱ्या आणि पानातली साखर परत आणणाऱ्या नळ्या तिथून जात होत्या. पान सोडण्याआधी झाड तिथे एक थर तयार करतं आणि जखम बुजवून टाकतं. पिंपळाच्या डहाळीवर या वणाखेरीज एक पूर्ण गोल वळंही असतं. नव्या पानाची टोकदार कळी ज्या आवरणात असते, त्याच्या गळण्याची ती खूण. वडाला तेच, उंबरालाही तेच. ही तिघं एका कुळातली आहेत हे मला पाठ होतं, पण त्या वळ्यांवर बोट फिरवलं तेव्हा ते पटलं.

आणि मग उंबर. माझ्या दोनशे पावलांत एक जुना उंबर आहे आणि त्याची फळं थेट खोडावर घोसानं लागतात. फांदीकडे मान वर करायला नको, हात लांब केला की झालं. क्वचितच दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणत आलेली मी, एक हिरवं, कच्चं फळ उभं चिरून भिंगाखाली धरलं आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. आतली सगळी भिंत फुलांनी भरलेली होती, शेकडो फुलं, एकमेकींना खेटून. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी आहे. काही आठवड्यांनी जरा मोठं झालेलं फळ चिरलं तर आत इवल्या गांधीलमाशा होत्या, माद्या पंखवाल्या, नर बिनपंखी. नर आतून बोगदा कोरतात आणि त्यातून माद्या परागकण घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. नरांचा जन्म त्या अंधारातच सरतो. वर्षभरात मी चारच फळं चिरली, त्याहून जास्त चिरायला मन झालं नाही.

उन्हाळ्यात खाली पडलेली फुलं वेचायची. हे भिंग शेंड्याकडे बघायला निरुपयोगी आहे, ही त्याची मर्यादा, पण झाडं फुलं खाली पाठवत असतातच. चिंचेचं फूल मी आयुष्यभर केरसुणीनं लोटलं होतं. फिक्या पिवळ्या पाकळ्यांवर तांबड्या रेघांची जाळी असते आणि मोठ्या पाकळ्या तीनच. बहाव्याच्या फुलात दहा पुंकेसर, पण सारखे नाहीत: तीन लांब, वाकलेले, बाकीचे आखूड. जास्वंदीचे परागकण तर सुटे गोळे दिसतात, पिवळ्या राजगिऱ्यासारखे. नुसत्या डोळ्यांना ती फक्त धूळ असते.

पावसात भिंगाचा खरा मोसम. कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ उन्हात वाळून काळपट पडलेलं असतं. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि भिंगातून बघत राहिले, तर मुडपलेली पानं काही मिनिटांत उलगडून हिरवी झाली. शेवाळाच्या दांड्यांवर ज्या बारीक डब्या येतात, त्यांचं झाकण गळलं की तोंडाशी दातांची कडी दिसते. हवेतल्या ओलाव्यानं हे दात हलतात आणि बीजाणू थोडे थोडे बाहेर पडतात. मी जवळ वाकून बघत होते आणि माझ्याच श्वासानं ते हलले. पहिल्यांदा वाटलं भास झाला. तोंड बाजूला करून थांबले, पुन्हा हळूच श्वास सोडला, पुन्हा हलले. त्या दिवशी भाचीला फोन करून सांगताना माझा आवाज चढला होता.

पावसानंतर एकदांडीनं मोकळी जागा भरते. तण म्हणून उपटतात ते हे. एका लांब दांड्यावर एक फूल, पण भिंगाखाली ते गाव निघतं. कडेच्या फिक्या 'पाकळ्या' म्हणजे एकेक फूल, टोकाला तीन दात असलेलं, आणि मधली पिवळी नळीसारखी फुलं बाहेरून आत क्रमानं उमलत जातात. बाहेरची ओळ म्हातारी होते तेव्हा मधे अजून कळ्याच असतात. बी धरलं की त्याचे केस पिसांसारखे दोन्हीकडून फुटलेले. थंडीत लिंबाच्या पानावर फुलपाखराची अंडी शोधत बसले. तेव्हाच पान उजेडाकडे धरून त्यातल्या तेलाच्या पारदर्शक ठिपक्यांची ओळख झाली. लिंबाचा वास तिथे साठवलेला असतो.

आता तक्रारी. सहा महिन्यांत कवचाचा स्क्रू ढिला झाला, चष्म्याच्या पेचकसानं आवळावा लागतो. पावसात आणि थंडीत काचेवर श्वासाची वाफ धरते. आधी मिनिटभर तळहातात धरून ठेवलं तर कमी धरते. पापण्यांचा तेलकटपणा काचेला लागतोच. तो पदरानं पुसू नका, आधी फुंकरीनं धूळ उडवा, मग मऊ सुती कापड. उघडं भिंग उन्हात ठेवू नका, खालचा कागद जळू शकतो, आणि त्यातून सूर्याकडे तर कधीच बघू नका. जिवंत किड्यांसाठी अडीच सेंटीमीटर फार जवळ पडतं. मुंगी थांबते, मधमाशी थांबत नाही. चष्म्यावरून बघता येतं, पण दिसणारं वर्तुळ लहान होतं. मी चष्मा कपाळावर सारते.

फक्त पक्षी बघायचे असतील तर हे घेऊ नका, दुर्बीण घ्या. पण चालणं कमी झालेलं माणूस घरात असेल, किंवा खाली बसून माती उकरणारं लहान मूल, तर दहा पटाचं खरं ट्रिप्लेट जरूर घ्या. आणि त्याला भडक लाल दोरी बांधा. माझं एकदा गवतात पडलं होतं आणि काळ्या दोरीपायी दोन संध्याकाळी शोधत होते.