गॅरंड की आरिसाका: महायुद्धातल्या रायफली दुर्मीळ का झाल्या आणि संग्राहकाने कोणती घ्यावी

दुसऱ्या महायुद्धातली एखादी रायफल संग्रहासाठी घेऊ पाहणारा माणूस बहुधा आधी विचारतो, की ती एकूण किती बनली. या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. अमेरिकेची एम-१ गॅरंड आणि जपानची टाइप ९९ आरिसाका या दोन्ही लाखोंनी तयार झाल्या. तरीही १९४५ साली सैनिकाच्या हातात होती त्याच अवस्थेतली गॅरंड आणि जपानी सम्राटाचे राजचिन्ह शाबूत असलेली आरिसाका या दोन्ही आज सहजासहजी मिळत नाहीत, आणि त्यांच्या दुर्मीळतेची कारणे परस्परांच्या अगदी उलट आहेत. गॅरंड जेत्यांची होती आणि युद्धानंतरही उपयोगाची होती, त्यामुळे ती दुरुस्त्यांमध्ये बदलत गेली. आरिसाका पराभूतांची होती, तिला ठेवून घेणारे सैन्यच उरले नाही, त्यामुळे ती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली.

जॉन गॅरंड यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात घडवलेली, आठ काडतुसांची ही अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप चढणारी) रायफल अमेरिकी लष्कराने १९३६ साली स्वीकारली. स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टर यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सुमारे ४० लाख रायफली बनवल्या आणि १९५० च्या दशकातले उत्पादन धरता एकूण आकडा ५४ लाखांच्या आसपास जातो. इतक्या रायफलींपैकी मूळ रूपातल्या थोड्याच उरल्या, कारण लष्कराने त्या शस्त्रागारांत परत आणून उलगडल्या, झिजलेल्या नळ्या बदलल्या, नेम धरण्यासाठीच्या मागच्या जुन्या लॉक-बार साइट काढून युद्धोत्तर पद्धतीच्या साइट बसवल्या, यंत्रणा मागे-पुढे चालवणाऱ्या ऑपरेटिंग रॉडला तडा जाऊ नये म्हणून त्यात खाच पाडली आणि हाताला लागतील ते सुटे भाग पुन्हा जोडले. रिसीव्हर, म्हणजे बाकी भाग ज्यात बसतात ती मुख्य चौकट, वगळता बाकी भागांवर त्या त्या रायफलीचा क्रमांक नसे, त्यामुळे कोणता भाग मूळचा हे पाहण्याची गरज तिथल्या कारागिरांना वाटली नाही आणि वाटण्याचे कारणही नव्हते. सुरुवातीच्या सुमारे ५० हजार रायफलींत गोळी सुटताना निर्माण होणारा वायू नळीच्या तोंडाशी अडवून यंत्रणा चालवली जात असे. पुढे नळीलाच छिद्र ठेवण्याची पद्धत आली, जुन्या रायफली त्याप्रमाणे बदलल्या गेल्या आणि म्हणूनच न बदललेली आरंभीची गॅरंड आज अतिशय दुर्मीळ मानली जाते. याशिवाय लष्करी मदत म्हणून दक्षिण कोरिया, ग्रीस, डेन्मार्क, फिलिपिन्स अशा देशांना असंख्य गॅरंड दिल्या गेल्या. त्यातल्या काही परतल्या, पण २०१३ साली ओबामा सरकारने अशा लष्करी रायफलींची खासगी फेरआयात जवळपास थांबवली.

आरिसाकाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जपानी राजगणनेच्या २५९९ व्या, म्हणजे १९३९ च्या वर्षावरून ‘टाइप ९९’ हे नाव पडलेली ही ७.७ मिलिमीटरची बोल्ट रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणारी) सुमारे २५ लाख बनली. बनवणाऱ्यांत हिरोशिमाची तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, हीसुद्धा होती. आरंभीच्या रायफलींना क्रोमचा मुलामा दिलेली नळी, तारेचा एकपायी टेकू, विमानांवर नेम धरण्यासाठी साइटच्या दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या पट्ट्या आणि बोल्टवर सरकते झाकण असे. कच्चा माल संपत आला तसे हे सारे गळत गेले आणि अखेरच्या काळात दस्त्याच्या टोकाला लाकडी बटप्लेट, एकाच जागी पक्की केलेली साइट आणि न घासलेला धातू एवढेच उरले. शरणागतीनंतर ताब्यात आलेली शस्त्रे जाळली गेली किंवा समुद्रात बुडवली गेली. ज्या वाचल्या त्यांतल्या बहुतेकींवरचे सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह घासून टाकलेले असते. ज्यांवर ते शाबूत आहे, त्या बऱ्याचदा लढाईत हाती लागून सैनिकांच्या सामानातून थेट अमेरिकेत आलेल्या असतात आणि त्यांना जास्त किंमत मिळते. कोरियन युद्धाच्या काळात काही आरिसाका अमेरिकी .३०-०६, म्हणजे गॅरंडच्याच, काडतुसासाठी बदलल्या गेल्या. उरलेल्यांपैकी बहुतेकींना नवा वापरकर्ता मिळाला नाही, म्हणून त्यांची पुनर्जोडणीही झाली नाही. परिणामी एखाद्या साध्या, चिन्ह घासलेल्या आरिसाकाचे भाग आजही एकाच क्रमांकाचे सापडतात. गॅरंडच्या बाबतीत अशी जुळणी तपासायला क्रमांकच नसतात.

नियमित नेमबाजी करायची असेल तर माझ्या मते गॅरंड घ्यावी, आणि तीही शस्त्रागारात पुन्हा जोडलेलीच, कारण ‘अस्सल’ या शब्दासाठी मोजलेला पैसा लक्ष्यावर दिसत नाही. तिची काडतुसे सहज मिळतात. मात्र आजची शिकारीसाठीची जोरदार काडतुसे तिच्या ऑपरेटिंग रॉडला वाकवू शकतात, म्हणून गॅरंडसाठी बनवलेलीच वापरावीत. इतिहास हातात धरायचा असेल आणि खिसा बेताचा असेल, तर चिन्ह घासलेली पण क्रमांक जुळणारी, सुरुवातीच्या बांधणीची टाइप ९९ हा अधिक चांगला सौदा आहे. ७.७ ची काडतुसे मोजकेच उत्पादक बनवतात, हे गृहीत धरावे. प्रशिक्षणासाठी बनवलेल्या काही जपानी रायफली फक्त गोळी नसलेल्या, नुसता आवाज करणाऱ्या काडतुसांपुरत्या होत्या. त्यांच्या नळीला आतून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नसतात आणि त्यांत खरे काडतूस उडवणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे नळीत डोकावून पाहिल्याशिवाय आणि जाणकार बंदूक-दुरुस्ती कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अमेरिकेतील मराठी वाचकाने आधी आपला कायदेशीर दर्जा पाहावा. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगणे, काही अपवाद सोडता, संघीय कायद्याने निषिद्ध आहे. ग्रीन कार्डधारकाला दुकानातून खरेदी करता येते, पण लष्कराच्या जुन्या गॅरंड विकणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था नागरिकत्व मागते. भारतात तर अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवान्यावर मिळतच नाही.

‘कधीही न बदललेली’ म्हणून कोणी स्प्रिंगफील्डची गॅरंड दाखवली, तर ऑपरेटिंग रॉड मागे ओढून नळीच्या उजव्या बाजूचा महिना आणि वर्ष वाचावे आणि रिसीव्हरच्या क्रमांकाच्या काळाशी ताडून पाहावे. जुनी लॉक-बार साइट हा पुरावा धरू नये, कारण ती सुटी विकत मिळते आणि काही मिनिटांत बसवता येते.